तापलेल्या धातूचे वंगण

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेच्या पन्नाशीच्या मंगल प्रसंगी वंगणासारखा रुक्ष विषय कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु या सभागृहात बसलेल्या किती कुटुंबांची चूल स्टेनलेस स्टीलवर पेटते, हे आपण जाणताच. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून पत्र्याच्या सर्कलला पातेल्याचा, डब्याचा, तांब्याचा आकार येतो. प्रेसखाली तो पत्रा डायमध्ये सरकतो तो वंगणाच्या आधारावर. स्टेनलेस पत्रा ताणला की कठीण होतो. त्याला पुन्हा नरम करण्यासाठी सुमारे १,०५० अंश सेल्सियसच्या भट्टीतून न्यावे लागते. पत्र्यावर राहिलेले तेल त्या भट्टीत जळते आणि काळा डाग ठेवून जाते. म्हणून भट्टीपूर्वी माल स्वच्छ धुवावा लागतो. जे तेल प्रेसखाली आपला मित्र होते, तेच उष्णतेत वैरी ठरते. आजच्या विषयाचे मूळ या साध्या अनुभवात आहे.

दोन पृष्ठभाग कितीही घासून गुळगुळीत केले तरी सूक्ष्म दृष्टीला ते डोंगर-दऱ्यांसारखेच असतात. त्यांची शिखरे एकमेकांवर टेकतात, चिकटतात, तुटतात. याचेच नाव घर्षण आणि झीज. या शिखरांमध्ये सहज सरकणारा थर घालणे हे वंगणाचे कार्य होय. तेल हे कार्य उत्तम करते. पण सुमारे ३०० अंशांपलीकडे बहुतेक तेले विघटित होतात, पेटतात किंवा त्यांचा कोळसा होतो. आणि लोखंड घडवायचे तर ते १,१०० ते १,२५० अंशांपर्यंत लाल-पिवळे तापवावे लागते!

जुन्या घणकामात यावर साधे उपाय होते. साच्यात लाकडाचा भुसा टाकत. तो जळताच निर्माण होणारा वायू तापलेला तुकडा साच्यातून सुटा करी. मिठाचे पाणीही शिंपडत. ज्या भाईंदरची जुनी ओळख मिठागरांची, तेथील श्रोत्यांना याचे कौतुक वाटेल. पण मिठाने साचे गंजत, हेही सांगितले पाहिजे. आणि तिसरा उपाय होता चरबीचा. गुरांची चरबी, डुकराची चरबी आणि व्हेल माशाचे तेल यांवर जगातील यंत्रे शतकानुशतके चालली. स्पर्म व्हेलचे तेल तर मोटारींच्या स्वयंचलित गिअरपेटीतही वापरले जाई. १९७० मध्ये अमेरिकेने या प्राण्याला संरक्षण दिल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधणे भाग पडले आणि तो त्यांनी शोधला. निर्बंधातून संशोधन जन्मते, याचे हे बोलके उदाहरण.

उष्णतेपुढे तेल हरते, तेथे घन वंगणे पुढे येतात. ग्राफाइट आपणां सर्वांच्या परिचयाचे. पेन्सिलीतील शिसे म्हणजे तेच. त्याचे थर पत्त्यांच्या जुडीसारखे एकमेकांवरून सरकतात. मात्र दुसऱ्या महायुद्धात उंच उडणाऱ्या विमानांतील विद्युतयंत्रांचे कार्बन ब्रश काही तासांत झिजून जाऊ लागले. जमिनीवर उत्तम चालणारी वस्तू आकाशात का फसावी? रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की ग्राफाइटचा गुळगुळीतपणा हवेतील बाष्पावर अवलंबून असतो. विरळ, कोरड्या हवेत तो हरपतो. शिवाय हवेत सुमारे ५०० अंशांच्या आसपास ग्राफाइट हळूहळू जळू लागते. मॉलिब्डेनम डायसल्फाइड कोरड्या जागी उत्तम. पण ३५० ते ४०० अंशांत हवेतील प्राणवायू त्याचा नाश करतो. पांढरे बोरॉन नायट्राइड सुमारे ९०० अंशांपर्यंत टिकते. पण ते महाग, आणि पृष्ठभागाला घट्ट धरून राहत नाही. प्रत्येकाचा गुण वेगळा आणि प्रत्येकाची मर्यादाही वेगळी.

यातील मूलतत्त्व केंब्रिजच्या बाउडेन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले. भार कठीण पायाने पेलावा आणि सरकण्याचे काम वरच्या अत्यंत पातळ, मऊ थराने करावे. पाया मऊ असेल तर तो दबतो. थर कठीण असेल तर तो ओरखडतो. दोन्ही गुण एका पदार्थात क्वचितच सापडतात.

या तत्त्वाचा एक सुंदर आविष्कार फ्रान्समध्ये जॅक सेजुर्ने यांनी १९४० च्या दशकात केला. तप्त पोलाद साच्यातून दाबून नळी काढायची तर तेल-ग्राफाइट पुरेसे पडत नसे. साचे लवकर खराब होत. सेजुर्ने यांनी वंगण म्हणून चक्क काच निवडली! तापलेला पोलादी ठोकळा काचेच्या भुकटीवरून लोळवायचा आणि साच्याच्या तोंडाशी काचेची चकती ठेवायची. ठोकळ्याच्या उष्णतेने काच थोडी थोडी वितळते, मधासारखी दाट होते आणि धातूबरोबर वाहत जाते. तोच थर साच्याला उष्णतेपासूनही वाचवतो. जी उष्णता इतर वंगणांचा नाश करते, तिलाच येथे कामाला लावले आहे.

यानंतरची पायरी सिरॅमिकची. सिलिकॉन नायट्राइडसारखे सिरॅमिक हजार अंशांतही कठीण राहते आणि वजनाला पोलादाच्या निम्म्याहून हलके असते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कमिन्स कंपनीत रॉय कामो आणि सहकाऱ्यांनी, अमेरिकी लष्कराच्या साहाय्याने, पाण्याने थंड न करता चालणाऱ्या सिरॅमिक अस्तराच्या डिझेल इंजिनाचा ध्यास घेतला. याच कंपनीच्या भागीदारीतून १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली होती. इंजिन चालले, पण पिस्टनच्या वरच्या रिंगपाशी इतकी उष्णता साठे की तेल टिकेना. कोरडे सिरॅमिक सिरॅमिकवर घासले तर घर्षण फार मोठे. असे इंजिन बाजारात रुजले नाही, याच्या कारणांत वंगणाचे कारण मोठे होते. पेनसिल्व्हेनियातील एल्मर क्लाउस यांनी वेगळी वाट काढली: वंगण वाफेच्या रूपात सोडावे आणि तप्त पृष्ठभागावरच त्याचा फॉस्फेटचा थर धरू द्यावा. पण हा थर धरण्यास लोहाचा अंश लागतो आणि सिरॅमिकमध्ये तो नसतो. म्हणून आधी त्यावर लोहाचा सूक्ष्म लेप द्यावा लागला.

सर्वांत बोधप्रद कथा हॅरोल्ड स्लायनी यांची. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील नासाच्या प्रयोगशाळेत त्यांनी अनेक दशके एकच प्रश्न धरून ठेवला: थंड यंत्र सुरू होण्यापासून ते लाल तापेपर्यंत चालेल असे वंगण कोणते? कॅल्शियम फ्लोराइड आणि बेरियम फ्लोराइड यांचे मिश्रण त्यांना गवसले. सुमारे ५०० अंशांवर ते मऊ होऊन उत्तम सरकते. पण थंड असताना ठिसूळ. चांदी थंडपणी मऊ, पण ९६१ अंशांवर वितळणारी. स्लायनींनी दोघांना एकाच लेपात आणले आणि भार पेलण्यास कठीण पाया दिला. त्यांचे कार्य पुढे ख्रिस्तोफर डेलाकोर्टे यांनी वाढविले. ‘पीएस ३०४’ या लेपात वजनाने ६० टक्के निकेल-क्रोमियम, २० टक्के क्रोमियम ऑक्साइड, १० टक्के चांदी आणि १० टक्के फ्लोराइडे असतात. हवेच्या पातळ थरावर फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये या लेपाने साध्या तापमानापासून ६५० अंशांपर्यंत एक लाखाहून अधिक वेळा सुरू-बंद होण्याची कसोटी पार केली. तेलाचा त्यात थेंबही नाही!

या घटकांतील कॅल्शियम फ्लोराइड म्हणजे फ्लोरस्पार हे खनिज. ते आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव येथे आणि गुजरातेत कडिपानी येथे सापडते. लाल पोलाद घडविणारी विद्याही आपल्यासाठी परकी नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत फोर्जने ती जगाच्या बाजारपेठेत नेली. उणीव आहे ती छोट्या कारखानदाराच्या मनातील प्रश्नांची.

म्हणून माझ्या उद्योजक बंधूंपुढे तीन गोष्टी नम्रपणे ठेवतो. पहिली, आपल्या पिंपात काय आहे ते विचारा. वंगणांत, तारकामाच्या साबणांत आणि पॉलिशच्या वड्यांत स्टिअरिक आम्ल असते. ते पामतेलापासून बनते, तसेच गुरांच्या चरबीपासूनही बनते. रासायनिकदृष्ट्या दोन्ही जवळजवळ एकच, डोळ्यांनी ओळखता न येणारी. म्हणून पुरवठादाराकडून त्याचे मूळ लेखी मागा. ज्या घरात सूर्यास्तानंतर अन्न शिजत नाही, त्या घरच्या कारखान्यात चरबीची चौकशी होऊ नये, हे विसंगत आहे. दुसरी गोष्ट, खनिज वंगण म्हणजे आपोआप निर्दोष असे समजू नका. जळत्या तेलाचा धूर, ग्राफाइटची धूळ, बेरियमची संयुगे यांचा त्रास प्रेसवर आणि भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या फुप्फुसांना होतो. तोही जीव आहे. त्याच्यासाठी हवा खेळती ठेवणे हेही आपले व्रतच. तिसरी गोष्ट, एकेका गाळ्याला प्रयोगशाळा परवडत नाही, पण शंभर गाळ्यांना मिळून ती परवडते. पवईची आयआयटी आणि माटुंग्याची, १९३३ पासूनची परंपरा असलेली रसायन तंत्रज्ञान संस्था आपल्यापासून दूर नाहीत. धुण्यास सोपे, चरबीविरहित, भट्टीत डाग न ठेवणारे वंगण ही आपल्या गावाची खरी गरज आहे, आणि तिचा प्रश्न आपणच तेथे नेला पाहिजे.

स्लायनींना एकच सर्वगुणसंपन्न पदार्थ कधी सापडला नाही. चांदी कुठवर साथ देते आणि फ्लोराइड कुठून पुढे नेते, हे त्यांनी तपासून पाहिले, लिहून ठेवले आणि त्यातून मार्ग काढला. आपल्या गाळ्यांतील वहीत जमा-खर्चाबरोबर अशा नोंदीही होऊ लागल्या, तर पुढील पन्नास वर्षांत भाईंदरचे नाव केवळ भांड्यांसाठी नव्हे, तर संशोधनासाठीही घेतले जाईल.