वर्ग तिच्या सवडीने भरावा

या परिषदेसाठी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांतून आलेल्या अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटांच्या प्रेरिका आणि पहाटे भाकऱ्या थापून, लेकरं शेजारणीकडे सोडून एसटीने इथवर आलेल्या साऱ्या भगिनी, सर्वांचे स्वागत समिती परभणीत मनापासून स्वागत करते.

गोदाकाठचा हा जिल्हा संत जनाबाईंचा. गंगाखेड हे त्यांचे जन्मगाव. परंपरा सांगते की लहान वयातच त्या पंढरपूरला संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिल्या, दळण-कांडण करता करता त्यांनी अभंग रचले आणि ते विठ्ठलाने लिहून घेतले. घरकाम करणाऱ्या एका बाईचे शब्द शतकानुशतके टिकले, याचा परभणीला अभिमान आहे. पण त्यांच्यानंतर या मुलखात जात्यावर ओव्या रचणाऱ्या असंख्य बायांना लिहून घेणारे कोणी भेटले नाही आणि स्वतः लिहायला कोणी शिकवले नाही, हेही आज इथे बोलले पाहिजे.

त्याला इतिहास आहे. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले मुलींची शाळा काढत होते. १८५५ मध्ये त्यांच्याच शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहीत होती आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून येत होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्यानंतरही जवळजवळ शंभर वर्षे राहिला. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून, खेड्यात शाळांचीच वानवा, मग मुलींच्या शाळेचे नाव कोण काढणार? १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले तेव्हा ज्या मुली सात-आठ वर्षांच्या होत्या, त्या आज गावोगावच्या आज्या आहेत. त्यांच्या वाट्याला पाटी आलीच नाही. हा अनुशेष रस्त्यांच्या आणि धरणांच्या अनुशेषात कधी मोजला गेला नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता सुमारे ८८ टक्के आणि स्त्रियांची सुमारे ७६ टक्के भरली. परभणीतली दरी यापेक्षा रुंद आहे. त्याहून जिव्हारी लागणारा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा, म्हणजे २०१९-२१ चा. वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षे पुरी होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर परभणी जिल्ह्यात ४८ टक्के होते. राज्यात हा जिल्हा सर्वांत वर होता. जिल्हा प्रशासनाने त्यानंतर ‘बालविवाहमुक्त परभणी’ची मोहीम हाती घेतली. गावपातळीवर ग्रामसेवकाला बालविवाह रोखण्याचा अधिकार आहे, १०९८ ही चाइल्डलाइन आहे. तरीही लग्ने लागतात. का लागतात, हे दसऱ्यानंतर गंगाखेड, पालम, जिंतूरच्या बसस्थानकांवर उभे राहिले की कळते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती ‘कोयत्या’वर मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल बहुधा नवऱ्याच्या नावे, हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि पहाटे थंडीत उसाच्या फडात उतरून दिवसभर मोळ्या बांधणाऱ्या, डोक्यावरून ट्रकमध्ये चढवणाऱ्या बाईचे नाव त्या वहीत नाही. एकट्या पोराला उचल कमी, जोडी झाली की जास्त. म्हणून सोळाच्या पोरीचे हात पिवळे होतात. आईबाप फडावर आणि वयात आलेली लेक गावात एकटी, ही धास्ती वेगळीच. शाळा सातवी-आठवीपर्यंत, पुढची शाळा दूरच्या गावाला. पोरगी शिकली पाहिजे हे त्या आईलाही समजते. तिच्याकडे मार्ग नसतो.

फडावर आजारपण काढायला सवड नाही. एक दिवस पडला की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. शेजारच्या बीड जिल्ह्यात याचा शेवट कुठे झाला, हे २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आले. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी तरुण बाया पिशवी काढूनच परतल्या. आपल्या शरीराबद्दल चार गोष्टी आधी कळल्या असत्या, हातातला कागद वाचता आला असता, दुसऱ्या डॉक्टरला विचारायचे असते हे माहीत असते, तर त्यांतल्या अनेकींची शस्त्रक्रिया टळली असती. इथे आरोग्यशिक्षण आणि साक्षरता वेगळी काढून दाखवता येत नाही.

सरकारी रचनेत मात्र ती वेगळी आहेत. साक्षरता शिक्षण विभागाकडे, आरोग्य आरोग्य विभागाकडे, हाताला काम देणारे प्रशिक्षण कौशल्य विभागाकडे. तिघांची शिबिरे वेगळी, फोटो वेगळे, हजेरीपट वेगळे. बाई मात्र तीच. केंद्राचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना अक्षर-अंकओळखीबरोबर जीवनकौशल्ये आणि व्यावसायिक कौशल्येही शिकवावीत, असे त्यात लिहिलेले आहे. विचार उत्तम आहे. पण महाराष्ट्रातली त्याची पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली. त्या दिवशी कारखान्यांची धुराडी पेटलेली होती आणि टोळ्या फडावर होत्या. जिच्यासाठी ही परीक्षा सर्वांत गरजेची, तिलाच त्या तारखेला गावात असणे शक्य नव्हते.

स्वागत समितीला या परिषदेपुढे एवढीच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे: वर्ग बाईच्या सवडीने भरावा आणि तिच्या गरजेपासून सुरू व्हावा.

असे भरलेले वर्ग महाराष्ट्राने पाहिले आहेत. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला योगेंद्र बांगर या शिक्षकाने आजीबाईंची शाळा सुरू केली. घरची कामे आटोपल्यावर दुपारी गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन आज्या शाळेत येत. जामखेडला तर त्याच्याही कितीतरी आधी, १९७० च्या दशकात, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावाने निवडलेल्या बायांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या अनेक दलित, अनेक पूर्ण निरक्षर. त्यांना अक्षरे येत नाहीत म्हणून काम अडले नाही. गरोदर बाईची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, हे त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकल्या आणि गावात जाऊन करू लागल्या. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांना बाळंतिणीच्या उशाशी बोलावणे येऊ लागले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याहून मोठी गोष्ट ही की पुढे आशा कार्यकर्तीची कल्पना देशभर रुजली, त्या वाटेवर जामखेडच्या या बाया आधी चालल्या होत्या.

परभणीत गरजेपासून सुरुवात करायची तर कापसापासून करता येईल. मानवत आणि सेलू या कापसाच्या नावाजलेल्या बाजारपेठा. वेचणीची मजुरी किलोवर. संध्याकाळी बांधावर गाठोडी काट्याला लागतात, पडद्यावर लाल आकडे उमटतात आणि बाई वजन करणाऱ्याच्या तोंडाकडे पाहते. त्या आकड्यांपासून धडा सुरू झाला तर पुढचा धडा तिला कोणी घ्यायला सांगावे लागणार नाही. बचत गटातही तेच दिसते. सतरंजीवर पेटी उघडते, रोजमेळाची वही फिरते, आणि वर्षभराच्या सरावाने एखादी मावशी चित्र काढावे तशी सावकाश आपले नाव लिहिते. सही झोकात येते. पण सहीच्या वर लिहिलेली कर्जाची रक्कम तिला वाचता येत नाही. एवढ्याने तिला साक्षर म्हणून मोकळे होणे योग्य नाही.

गटांची चौकट आपल्याकडे पक्की आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून, तर ‘उमेद’ अभियान २०११ पासून काम करते. उमेदच्या दशसूत्रीत बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि लेखे यांच्या जोडीला आरोग्य, शिक्षण आणि शाश्वत उपजीविकाही आहे. पहिली पाच सूत्रे नेमाने पाळली जातात. उरलेल्या पाचांना बैठकीच्या शेवटी, उठता उठता, वेळ मिळतो.

कौशल्याबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. शिवणयंत्र वाटले की कौशल्यविकास झाला, ही सवय सोडावी लागेल. एका गावात किती जणींनी ब्लाउज शिवायचे? १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेने बायांना आधी घरबांधणीच्या कामावर देखरेख करायला शिकवले आणि पुढे शेतीत आणले. कुटुंबाच्या जमिनीतला एक एकर बाईच्या निर्णयाखाली, त्यात डाळी, भाजीपाला, ज्वारी-बाजरी, आधी घरच्या ताटात आणि मग बाजारात. दुष्काळातही ते एकर घराला पोसत राहिले. २०१६ चा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला.

आणि ताटाचा विषय निघाला की परभणीला सांगण्यासारखे स्वतःचे आहे. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेबरोबर विकसित करून २०१८ मध्ये दिलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीत नेहमीच्या वाणांपेक्षा लोह आणि जस्त लक्षणीय जास्त आहे. हे बियाणे गटांच्या एकरात गेले, भाकरीवर लिंबू पिळलेली भाजी आली, लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही हे आशाताईने बैठकीतच सांगितले, तर शेती, आहार आणि आरोग्य यांचे तीन वर्ग एकाच सतरंजीवर होतात.

आज दुपारच्या पंगतीत याच ज्वारीची भाकरी आहे. लेकरांसाठी मागच्या दालनात पाळणाघर आहे, हिमोग्लोबिन तपासणी त्याच्या शेजारीच आहे, आणि आजचे शेवटचे सत्र चार वाजता संपेल, म्हणजे पालम आणि सोनपेठकडच्या भगिनींना उजेडात घर गाठता येईल. अध्यक्ष महोदयांना स्वागत समितीची एकच विनंती आहे. उद्या जे ठराव मंजूर होतील, त्यांत प्रत्येक वर्गापुढे गाव, महिना आणि घड्याळातली वेळ लिहिलेली असावी, आणि दसरा ते पाडवा या काळातले वर्ग फडावर, मजुरांच्या कोप्यांजवळ भरवण्याची जबाबदारी कोणत्या विभागाने घेतली, त्याचे नाव तिथेच नोंदवावे. परिषदेची सूत्रे आता त्यांच्या हाती.