504 म्हणजे रेंज गेली असं नाही



‘पुण्यात नेमकं काय करतेस?’ असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. मी प्रॉक्सी सांभाळते. कचेरीच्या खिडकीवरचा शिपाई तुमचा कागद आत साहेबांकडे नेतो आणि उत्तर बाहेर आणतो ना, वेबसाइटसमोर प्रॉक्सी तेच करतो. एनजिन्क्स हा त्यातला फार वापरला जाणारा. त्याने किती थांबायचं ते आम्ही ठरवतो. नाही ठरवलं तर 60 सेकंद.

आपल्यातले काही जण शिक्षक आहेत, काही सेवा केंद्र चालवतात. अर्ज भरताना 504 आलं की सगळे मोलगीच्या रेंजला शिव्या घालतात. रेंजचे गुन्हे पुष्कळ आहेत, पण हा तिचा नाही. 504 हा शिपायाचा निरोप आहे : ‘कागद आत दिला, उत्तर वेळेत आलं नाही.’ निरोप तुमच्यापर्यंत पोहोचला, म्हणजे रेंज चालू आहे. रेंज अडली तर बहुधा आकडाच येत नाही, ब्राउझर जोडणी होत नसल्याचं सांगतो. किंवा 408 येतो : दाखल्याचा फोटो चढता चढता मध्येच थांबला. तिथे 60 सेकंद मोजतात ते दोन तुकड्यांमधले, अख्ख्या फोटोचे नाहीत. हळू पण सतत चढणारा फोटो चालतो. तरी तो लहान करूनच टाका.

504 मधली खरी गोम पुढे आहे. शिपाई परतला तरी आत काम चालू असू शकतं. सही झालेली असते, पैसे कापलेले असतात, तुम्हाला कळलेलं नसतं. म्हणून लगेच पुन्हा ‘सबमिट’ दाबू नका. आधी अर्जाची स्थिती पाहा, बँकेचा मेसेज पाहा. आमचूर विकून फी भरणाऱ्या घराला ती दोनदा भरणं परवडत नाही.

आमच्याकडची सोपी पळवाट म्हणजे 60 चे 300 सेकंद करणं. मला ती पटत नाही. आतलं काम रेंगाळत असेल तर खिडकीवर रांगच वाढते, देवगोई घाटात दरड कोसळल्यावर गाड्यांची लागते तशी. आतला वेळ कमी करावा आणि प्रत्येक अर्जाला आधीच क्रमांक द्यावा, म्हणजे तो दोनदा आला तरी नोंद एकच होते.

कंटाळून तुम्ही पान बंद केलंत की एनजिन्क्सच्या नोंदीत 499 पडतो. तुम्हाला तो कधी दिसत नाही. मी रोज सकाळी आधी तोच पाहते. अडलेल्या पानांचे फोटो कोणाकडे असतील तर जेवणानंतर दाखवा, वेळेसकट.