पाण्यात सोडलेलं अंडं

वर्धा जिल्ह्यात बसून अंड्यावर बोलायचं म्हणजे गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमाची आठवण होणारच. पण संकोच नको. १९४२ साली आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर लिहिताना गांधीजींनीच म्हटलं होतं, की ज्यातून पिल्लू निघू शकत नाही असं निर्जीव अंडं दूध पिणाऱ्याला चालायला हरकत नसावी. ते स्वतः खात नव्हते, हा भाग वेगळा.

रश्शात अंडं फोडून सोडणं आपल्याला नवं नाही. रस्सा दाट असतो, अंड्याला धरून ठेवतो. साध्या पाण्यात मात्र पांढऱ्याच्या चिंध्या होतात. मग कुणी पाण्यात भोवरा करा म्हणतं, कुणी व्हिनेगर घाला. व्हिनेगरनं किंवा लिंबानं पांढरं लवकर आळतं हे खरं, पण ती आंबट चव मला रुचत नाही.

खरी गोम अंड्याच्या वयात असते. पिवळ्याभोवतीचं पांढरं घट्ट, त्याबाहेरचं पातळ. कवचाच्या बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, तसतसं घट्टही पातळ होत जातं. उन्हात तर फारच लवकर. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात असतो. दुकानाबाहेर तापलेल्या ट्रेमधलं अंडं चार दिवसांतच म्हातारं होतं. म्हणून ताजं घ्या आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

तरीही थोडं पातळ असतंच. त्यासाठी घरातला झारा काढा, बारीक भोकांचा. अंडं आधी वाटीत फोडा, मग अलगद झाऱ्यावर ओता. पाण्यासारखं असेल ते गळून जाईल, घट्ट गोळा वर राहील. पसरट पातेल्यात चार बोटं पाणी उकळा आणि गॅस मंद करा. पांढरं साठ-पासष्ट अंशांतच आळू लागतं. खळखळत्या पाण्यात ते फक्त फाटतं. तळाशी बारीक बुडबुडे दिसले, की झारा पाण्याला टेकवून अंडं सोडून द्या. ढवळू नका. तीनेक मिनिटांत पांढरं बसतं, पिवळं वाहतं राहतं. गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं यांना मात्र पिवळं पूर्ण शिजवूनच द्या.

पाहुणे जास्त असतील तर अंडी आधीच करून थंड पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि वाढायच्या वेळी मिनिटभर गरम पाण्यात सोडावीत. भाकरी तोवर तव्यावर असू द्या.