यंत्राची निवड आणि माणसाची नजर
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानावरून)



प्रयोगशाळेतील नव्या यंत्रांविषयी बोलावे, अशी आज्ञा मला झाली. विषय रुक्ष वाटेल. पण ज्यांच्या घरातला एखादा तुकडा कधी तपासणीला गेला असेल, त्यांना अहवालाची वाट पाहणे म्हणजे काय, हे सांगायला नको. तो तुकडा आणि तो अहवाल यांच्यामध्ये काय घडते, त्याची ही हकीकत आहे.

शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर घेतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतका पातळ काप जवळजवळ पारदर्शक असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून काही उमगावे, म्हणून तो रंगवावा लागतो.

सोलापूरकरांना रंगाई शिकवण्याचे धाडस मी करणार नाही. माझे अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात सूत रंगवीत. रंग चढवणे सोपे, तो धरून ठेवणे अवघड. त्यासाठी जुने रंगारी तुरटी वापरीत, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले. पेशीच्या केंद्रकाला निळा रंग देणारे हीमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतील लॉगवुड नावाच्या झाडाच्या लाकडातून मिळते. त्या लाकडाने लोक आधी कापडच रंगवीत. केंद्रकावर हा रंग धरून ठेवते तीही तुरटीच! १८६५ साली बोमर यांनी तुरटीची ही रीत दिली, आणि १८७६ साली विसोत्स्की यांनी तिला इओसिन या गुलाबी रंगाची जोड दिली. पुढच्याच वर्षी आपल्या शहरात जुनी मिल उभी राहिली. निळ्या-गुलाबी रंगांची ती जोडी आजही जगभर चालते.

हे काम हाताने कसे होते पाहा. झायलीनमध्ये मेण काढायचे, अल्कोहोलमधून उतरत पाण्यात यायचे, हीमॅटॉक्सिलिन द्यायचे, आम्लाने जादा रंग उतरवायचा, वाहत्या पाण्यात निळा खुलवायचा, मग इओसिन, पुन्हा अल्कोहोल, पुन्हा झायलीन. शेवटी चिकट द्रावाचा थेंब टाकून वर पातळ काच बसवायची, तीही हवेचा बुडबुडा न अडकवता. दिवसाला वीस-पंचवीस पट्ट्या असतील तर कुशल हात पुरतात. शंभरावर गेल्या की हात थकतात, वेळा चुकतात आणि झायलीनची वाफ माणसाच्या छातीत जाते. तेव्हा यंत्र घ्यावेच.

पण कोणते? माहितीपत्रकात तासाला इतक्या पट्ट्या असे छापलेले असते. त्या आकड्यावर भुलू नका. आपल्याकडे दिवसाला एकूण किती पट्ट्या होतात यापेक्षा सकाळच्या दोन तासांत एकदम किती येतात, ते मोजा. सगळ्या पट्ट्यांना एकच रंग द्यायचा असेल तर रांगेने पुढे सरकवणारे साधे यंत्र पुरते. निरनिराळे रंग द्यायचे असतील तर यांत्रिक हाताने उचलून ठेवणारे लागते. काच बसवणाऱ्या यंत्रातही दोन प्रकार आहेत. फिल्म लावणारे वेगवान असते आणि पट्टी लवकर सुकते. पण वर्षानुवर्षे जपायच्या पट्ट्यांवरची फिल्म पुढे सुटू शकते. काच टिकाऊ असते, मात्र तिला सुकायला वेळ द्यावा लागतो. रसायने त्याच कंपनीची घ्यावी लागतात की बाजारातली चालतात? बिघाड झाल्यास दुरुस्तीचा माणूस किती तासांत येईल? वीज गेली तर अर्ध्यावर अडकलेल्या पट्ट्यांचे काय होईल? वाफ बाहेर नेण्याची सोय कोणती? हे सारे लेखी घ्या. आणि विकत घेण्याआधी आपल्याच पट्ट्या त्या यंत्रावर रंगवून पाहा.

एवढी खबरदारी का, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. मी पूर्वी एका प्रयोगशाळेत होतो. तिथे नवे यंत्र आले होते. मे महिना होता, टाकी तळाला गेली होती आणि नळाची धार बारीक झाली होती. रोज सकाळी नमुन्याची एक पट्टी आधी रंगवून पाहायची, हा नियम. त्या दिवशी मी तो पाळला नाही. यंत्र नवे आहे, काय बिघडणार, असे वाटले. पाणी पुरेसे न मिळाल्याने निळा खुललाच नाही. सगळी केंद्रके लालसर, गढूळ दिसू लागली. काचा सोडवून शंभराहून अधिक पट्ट्या आम्ही पुन्हा हाताने रंगवल्या. बाहेर अक्कलकोटहून आलेली एक आई बसली होती, मुलीच्या अहवालासाठी. दोन दिवसांनी या, हे तिला मीच सांगितले. ती काही बोलली नाही. पदर सावरून एस.टी. स्टँडकडे निघाली. यंत्राने आपले काम चोख केले होते, पाहायचे राहिले होते ते मी.

विद्यार्थी मित्रहो, यंत्रे आली म्हणून तंत्रज्ञाची गरज संपली, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आपल्या शहरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे या विद्येची ओळख करून घ्यायला लांब जाण्याची गरज नाही. पालकांनो, डॉक्टर झाला नाही तर मुलाचे शिक्षण वाया गेले, असे समजू नका. मुलगी प्रयोगशाळेत जाते म्हणाली तर तिला अडवू नका. अब्बा सुताची लड उजेडात धरून रंग पाहत आणि मगच ती पुढे पाठवीत. तेवढी एक सवय आपल्या मुलांना द्या. यंत्र पैसे देऊन विकत आणता येईल, ही सवय विकत मिळत नाही.