मधुमेह आणि कंपवात

ज्या काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी हा सुश्रुताचा गुरू म्हणून ग्रंथात वर्णिला आहे, त्याच काशीत मधुमेहाचा विचार करताना, जन्मजात आणि अपथ्यजन्य असे प्रमेहाचे दोन भेद सुश्रुतसंहितेने केले होते याचे स्मरण आदराने केले पाहिजे. परंतु ज्या व्याधीचा अंमल आपण आजवर रक्त, नेत्र आणि मूत्रपिंडे यांपुरताच मानीत आलो, तो मस्तिष्कापर्यंत पोहोचतो, हे आज मला सांगावयाचे आहे.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णिलेल्या कंपवातात मध्यमस्तिष्काच्या कृष्णद्रव्यातील, डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण होत जातात व त्यांत अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. या पेशींचा तंतुविस्तार अफाट, म्हणून त्यांना ऊर्जाही अखंड लागते. इन्सुलिन ग्रहण करणारी स्थाने या भागातही आहेत. आणि कोठार भरलेले असून, रसदीचा हुकूमही निघालेला असून, ठाण्यावर तो कोणी मानीतच नाही, तशी या पेशींची अवस्था इन्सुलिनाला प्रतिसाद मंदावला म्हणजे होते. तंतुकणिकांचे कार्य बिघडते, दाह वाढतो, विकृत प्रथिनांचा निचरा खुंटतो. इतकेच नव्हे, तर मधुमेहींच्या स्वादुपिंडात साचणारे अमायलीन अल्फा-सिन्युक्लीनच्या गुठळ्यांना चालना देते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

फिनलंडमधील ५१,५५२ स्त्रीपुरुषांच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहींमध्ये कंपवाताचे प्रमाण अधिक आढळले. तथापि बहुसंख्य मधुमेहींना कंपवात होत नाही, तेव्हा धास्तीचे कारण नाही. औषधांविषयीही असाच संयम हवा. मधुमेहावरील एक्झेनाटाइडने २०१७ साली ६२ कंपवाती रुग्णांत मोठी आशा दाखविली, पण २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, १९४ रुग्णांच्या दीर्घ चाचणीत ती टिकली नाही. त्याच वर्गातील लिक्सिसेनाटाइडने २०२४ च्या चाचणीत हालचालींतील ऱ्हास वर्षभर रोखल्यासारखा दिसला, परंतु मळमळ व ओकाऱ्यांनी अनेकांस बेजार केले. निकाल अद्याप लागलेला नाही.

आता काशीतील आपल्या मोहल्ल्याकडे वळतो, कारण मला खरी चिंता येथील आहे. मधुमेहाने तळपायांची संवेदना बोथट होते, कंपवाताने पाऊल आखडते व तोल जातो. हे दोन्ही विकार ज्या आजोबांच्या वा आजींच्या ठायी एकत्र आले, त्यांना दुर्गाघाटाच्या उंच, ओल्या पायऱ्या एकट्याने उतरू देणे धोक्याचे आहे. वास न येणे, जुनाट मलावरोध, अक्षर बारीक होत जाणे, चालताना एक हात न हलणे, या खुणा ‘वय झाले’ म्हणून कृपा करून सोडून देऊ नका. आणि एक विनंती : खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा हे कंपवातावरील औषधच असते, म्हणून कोणी त्या बियांचे चूर्ण वैद्यांकडून घेत असेल, तर डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होण्यापूर्वी ही गोष्ट त्यांच्या कानी घालावी, आणि वैद्यांनाही त्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी.