जाऊबाईंनी जे सांगितले नाही
(संस्थेच्या महिला व विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. कला शाखेची पदवीधर आहे आणि गेली वीस वर्षे बँकेत कारकुनी करते. तरीही आज मी अशा विषयावर बोलणार आहे, जो आपण चारचौघांत कधी काढत नाही. पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये, ही विनंती. हा विषय त्यांचाही आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची पाळी बंद होऊन चार वर्षे झाली होती. त्यानंतर त्यांच्या अंगावरून जाऊ लागले. वास येऊ लागला, मधूनच लाल डाग दिसू लागले. त्यांनी कोणाला सांगितले नाही. तुरटीच्या पाण्याने आणि साबणाने त्या रोज आतून धूत राहिल्या. दीड वर्षाने कंबर इतकी दुखू लागली की उठता येईना, तेव्हा दवाखाना झाला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, तोही पुढच्या टप्प्यातला. आठ महिन्यांत त्या गेल्या. शेवटी शेवटी मला म्हणाल्या, "वाटलं, मलाच अस्वच्छ म्हणतील."

हे वाक्य मला झोपू देईना, म्हणून मी या विषयावर वाचू लागले, डॉक्टरांना विचारू लागले. जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे, योनिमार्गात जिवाणू असणे ही घाण नव्हे. 1892 साली डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी तेथे राहणाऱ्या जिवाणूंचे वर्णन केले. लॅक्टोबॅसिलस हे त्यांच्या कुळाचे नाव. दूध विरजून दही होते ते याच प्रकारच्या जिवाणूंमुळे. योनिमार्गाच्या अस्तरात साखरेचा साठा असतो. त्यापासून हे जिवाणू दह्यातल्यासारखेच आम्ल तयार करतात. त्या आंबटपणात अनेक रोगजंतूंना थारा मिळत नाही. म्हणजे निसर्गाने दारात पहारेकरीच बसविला आहे.

हा पहारा सर्वांचा सारखा नसतो. 2011 साली अमेरिकेत 396 निरोगी स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात जिवाणूंच्या वस्तीचे पाच प्रकार आढळले. चार प्रकारांत लॅक्टोबॅसिलसच्या एकेका जातीचे राज्य होते आणि पाचव्यात अनेक जिवाणूंची सरमिसळ होती. अशी सरमिसळ असलेली स्त्री आजारी असतेच असे नाही. मात्र पहारा ढळून आंबटपणा कमी झाला की काहींना पातळ स्राव आणि माशासारखा वास असा त्रास होतो. पाळी गेल्यावर शरीरातील संप्रेरक घटते आणि हे जिवाणूही कमी होतात. आणि साबणाने, तुरटीने, औषधी पाण्याने आतून धुतल्यास आपण आपल्याच हाताने पहारेकऱ्याला हाकलून देतो. जाऊबाई रोज तेच करीत होत्या. ती जागा स्वतःची सफाई स्वतः करते. बाहेरून साधे पाणी पुरे.

आता विषाणूकडे वळू. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सर्व कर्करोगांच्या मुळाशी हा असतो. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाऊसेन यांनी ते दाखवून दिले आणि 2008 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांपैकी 16 आणि 18 क्रमांकाच्या दोन प्रकारांमुळे सुमारे 70 टक्के कर्करोग होतात. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होतोच. तो अनेक वर्षे गुपचूप राहू शकतो. त्यामुळे तो आढळला म्हणून बायकोच्या किंवा नवऱ्याच्या चारित्र्यावर बोट ठेवणे हे अज्ञान आहे.

विषाणू शिरला म्हणजे कर्करोग झाला, असेही नाही. बँकेतले उदाहरण देते. कर्ज घेणारे सर्वच बुडवे नसतात, बहुतेक खाती मुदतीत फिटतात. जे खाते वर्षानुवर्षे थकते, तेच बुडीत निघते. एचपीव्हीचे असेच आहे. दहांपैकी सुमारे नऊ वेळा शरीर दोन वर्षांत त्याला आवर घालते. जो संसर्ग ठाण मांडून बसतो, तोच 15 ते 20 वर्षांत कर्करोगापर्यंत जाऊ शकतो. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती खालावली असेल तर हा काळ आणखी कमी.

हे खाते कोणाचे थकते? येथे पुन्हा त्या जिवाणूंचा संबंध येतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 32 स्त्रियांचे नमुने आठवड्यातून दोनदा, असे 16 आठवडे तपासले गेले. लॅक्टोबॅसिलसची एक जात जेथे भरपूर होती, तेथे विषाणू लवकर नाहीसा झाला. सरमिसळीच्या एका प्रकारात तो अधिक काळ रेंगाळला. अभ्यास लहान आहे, पण नंतरच्या अनेक अभ्यासांतही असाच संबंध दिसला. यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा शोध अजून चालू आहे. म्हणून कोणी दही लावून किंवा बाजारातली गोळी घेऊन कर्करोग टळेल असे सांगितले तर विश्वास ठेवू नका. ते सिद्ध झालेले नाही.

मग सिद्ध काय झाले आहे? ते आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार खेड्यातील स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात होते. 2009 साली निष्कर्ष आला की, एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्मे झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावण्याची तपासणी शिकविली. तेथे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. भगिनींनो, त्या सेविका तुमच्या-माझ्यासारख्याच होत्या.

आणि तरीही 2022 सालच्या अंदाजानुसार भारतात या रोगाचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण होते आणि सुमारे 80 हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. तपासणी आहे, उपचार आहेत, पण आपण वेळेवर जात नाही.

म्हणून चार गोष्टी सांगते. वय तीस झाले की त्रास नसला तरी तपासणी करून घ्या. केंद्र सरकारच्या 2016 सालच्या मार्गदर्शक सूचनांत 30 ते 65 वयात दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणी सांगितली आहे. दुसरे, 9 ते 14 वयाच्या मुलींना लस द्या. पुण्यात तयार झालेली लस 2023 सालापासून उपलब्ध आहे. लस घेतली तरी पुढे तपासणी चुकवू नये. तिसरे, पाळी गेल्यावर, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. थोडे पांढरे जाणे नैसर्गिक असते. पण वास, खाज, रंग बदलला तर दुकानातून गोळी आणू नका, दाखवा. चौथे पुरुषांसाठी. घरातील स्त्रीला "काही त्रास आहे का" हे विचारा आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.

बंधू-भगिनींनो, विटाळ या शब्दाने आपल्या समाजाचे काय केले, हे मी आपल्याला सांगायला नको. तो आपण उंबऱ्याबाहेर काढला. पण स्वतःच्या शरीराचा विटाळ आपल्या बायका मनात धरून बसल्या आहेत. माझ्या जाऊबाई त्यानेच गेल्या. त्या अस्वच्छ नव्हत्या, आजारी होत्या.

माझी एक सूचना आहे. विद्यार्थिनींनी आपापल्या गल्लीतील तीस वर्षांवरील स्त्रियांची यादी करावी आणि पाच-पाच जणींना सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जावे. पहिल्या पाचांत माझे नाव लिहा. मीही आजवर तपासणी केलेली नाही, हे येथे कबूल करते.