पाकिटावर नाव कुणाचं?

आज कॉफीबद्दल बोलायचंय. पण कपातल्या कॉफीबद्दल नाही, ती ज्या पाकिटातून घरी येते त्याबद्दल.

मी पुण्यात पॅकेजिंग डिझाइनचं काम करते. काही वर्षांपूर्वी एक छोटा कॉफी ब्रँड माझ्याकडे आला. चिकमगळूरच्या मळ्यातली कॉफी, थोडी थोडी भाजायची आणि पाव किलोच्या पाकिटांत विकायची. त्यांची अट एकच होती. पाकिटावरची चित्रं अशा कलाकारांची हवीत, ज्यांनी कठीण परिस्थितीतून वाट काढलीय.

शोधता शोधता एका ताईंपर्यंत पोचले. लहानपणी विजेचा धक्का बसून त्यांचे दोन्ही हात गेले. त्या पायाने चित्रं काढतात. मी मनात बरंच काय काय घेऊन गेले होते, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाकीट केवढं आहे? रिकामं एखादं आणलंय का?"

आणलं होतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे भोक कसलं?"

ती झडप. ताज्या भाजलेल्या कॉफीतून पुढे कितीतरी दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. पाकीट पूर्ण बंद केलं तर ते फुगतं, फाटूही शकतं. म्हणून एकाच दिशेने उघडणारी झडप लावतात. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. आम्हा डिझायनरांची ही डोकेदुखी, कारण ती नेमकी चित्राच्या मधोमध येते. ताईंनी काय केलं? कॉफीच्या मळ्यात सावलीसाठी फणसाची झाडं असतात, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी फणस काढला आणि झडपेच्या जागी त्याची ढोली केली. चित्र बघून मी खूश, ब्रँडवाले खूश.

चूक पुढे झाली, आणि ती माझी. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मी ताईंचा फोटो टाकला आणि वर मोठ्या अक्षरांत ओळ लिहिली: 'हात नाहीत, पण हिंमत आहे.' त्यांचं नाव मागे, परवाना क्रमांकाच्या खाली, बारीक अक्षरांत. नमुना त्यांना पाठवला. संध्याकाळी फोन आला.

"मॅडम, माझं नाव सापडेना. लोक कीव येऊन एकदा पाकीट घेतील. दुसऱ्यांदा कशाला घेतील?"

मला उत्तर देता आलं नाही. आणखी एक गोष्ट लक्षात आली. स्पेशालिटी कॉफीच्या पाकिटावर मळ्याचं नाव असतं, समुद्रसपाटीपासूनची उंची असते, जात असते, प्रक्रिया असते, भाजल्याची तारीख असते. बी कुठून आलं ते अभिमानाने सांगायचं, आणि चित्र कुणाचं ते लपवायचं?

त्यांचा दुसरा प्रश्न करारावर होता. "पुन्हा छापलं तर मला काय?" करारात एकदाच पैसे लिहिले होते. मग मी १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून बसले. सतराव्या कलमात असं आहे, की कुणी मोबदला देऊन सांगून चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला हक्क चित्र काढून घेणाऱ्याचा. म्हणजे गप्प बसलो तर ताईंचा फणस ब्रँडचा झाला असता. एकोणिसाव्या कलमानुसार हक्क लेखी द्यावे लागतात; मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. आणि ५७ वं कलम सांगतं, हक्क विकला तरी 'हे माझं काम आहे' असं म्हणण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो.

हे काही जगावेगळं मागणं नव्हतं. जर्मन चित्रकार एरिश स्टेगमन पोलिओमुळे तोंडात ब्रश धरून चित्रं काढायचे. त्यांनी तोंडाने आणि पायाने चित्रं काढणाऱ्यांची संघटना उभी केली. धोरण असं, की दान मागायचं नाही, चित्रांवर कमवायचं. जपानमध्ये २०१८ साली सुरू झालेली हेराल्बोनी नावाची कंपनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या कलाकारांची चित्रं रीतसर परवान्याने वापरायला देते, आणि त्याचा मोबदला कलाकारांपर्यंत जातो.

ब्रँडवाल्यांशी दोन बैठका झाल्या. "अहो, गोष्टच तर विकली जाते," असं ते म्हणत राहिले. शेवटी ठरलं ते असं: चित्र फक्त पाकिटासाठी, मुदत २ वर्षं, प्रत्येक छपाईला वेगळे पैसे, मग किंवा टी-शर्टवर घ्यायचं तर नवा करार. पुढच्या बाजूला ताईंचं नाव, मळ्याच्या नावाएवढ्याच अक्षरांत. फोटो काढला. मागच्या दोन ओळी ताईंनी स्वतः लिहिल्या: 'हा फणस आमच्या परसातला. काढलाय डाव्या पायाने, कारण उजवा आळशी आहे.'

दुसरी छपाई झाली तेव्हा ताईंना पुन्हा पैसे गेले. फार मोठी रक्कम नव्हती, पण ती मागायला त्यांना कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

तेव्हा मंडळी, तुम्ही कुणा कलाकाराला काम देत असाल, तर तीन गोष्टी आधी लेखी ठरवा: नाव कुठे येणार, चित्र कुठे कुठे वापरणार, आणि पुन्हा छापलं तर काय. आणि त्याच्या दुःखाची गोष्ट सांगायची असेल, तर आधी त्यालाच विचारा.